बाळूनानांचे परदेशी पेपर

बाळूनानांकडे खोली भाड्यानं हवी असेल तर ते तुमचं आडनाव विचारत नाहीत, लग्न झालंय का विचारत नाहीत, मटण खाता का तेही विचारत नाहीत. ते फक्त एवढंच विचारतात, “भाषा कंची येती?”

मराठी, हिंदी, इंग्रजी असं ऐटीत सांगितलंत तर “ती काय, समद्यांनाच येती” म्हणतात आणि समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवतात. तिकडे लिफ्ट आहे, पार्किंग आहे, गरम पाणी आहे. नानांकडे यातलं काही नाही. पण नानांकडे राहायचं तर एखादी परदेशी भाषा यावीच लागते.

मी साताऱ्याची. इथल्या एका कंपनीत जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत करण्याचं काम करते. तीन वर्षांपूर्वी खोली शोधत फिरत होते तेव्हा चार ठिकाणी “एकटी बाई नको” ऐकून माझं डोकं फिरलं होतं. पाचव्या ठिकाणी, म्हणजे नानांच्या ओट्यावर, मी भांडायच्या तयारीनंच टेकले. नानांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं, “जर्मन येतं. काही अडचण आहे?”

नाना ताडकन उठले, खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत बघून ओरडले, “अगं, जर्मनी गेली! च्या टाक!”

हे आमचं गाव आयटी पार्कजवळचं माण ओलांडून थोडं पुढे आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे गटाराचा विषय निघणार आहे. आयटी पार्क सरकत सरकत गावाच्या वेशीपर्यंत आलं. नानांच्या भातखाचरांवर आता तीन मजली इमारत उभी आहे. खाली म्हशीचा गोठा, त्याच्यावर नाना आणि काकू, आणि त्याच्यावर आम्ही देश. प्रत्येक खोलीच्या दारावर नानांनी स्वतः ऑइलपेंटनं नाव घातलंय. माझ्या दारावर ‘जर्मनी’, शेजारी ‘जपान’, पलीकडे ‘फ्रान्स’. फ्रान्समधली मुलगी लग्न करून बंगळुरूला गेली, तेव्हापासून फ्रान्सला कुलूप आहे.

पहिले काही दिवस मला वेड लागायची पाळी आली होती. सकाळी डोळा उघडावा तर खालून हाक, “आरं, जपानचा नळ चालू ऱ्हायलाय!” दुपारी काकू विचारणार, “फ्रान्समधी पाल शिरलीया, काढायची का ऱ्हाऊ द्यायची?” एकदा मी ऑफिसातून आले तर नाना प्लंबरला सांगत होते, “जर्मनीचं तुंबलेलं पानी जपानमधी उतरतंय, आधी ते बगा.” प्लंबर बिहारचा, त्यानं गंभीरपणे मान हलवली. त्याला सवय असावी.

ह्या सगळ्याच्या मागं एक कारण होतं आणि ते भाडेकरारातच टाईप केलेलं होतं. अकरावं कलम, “भाडेकरूने रोज सायंकाळी बाहेरचे मत सांगावे.” मी सही केली तेव्हा मला वाटलं की हे सोसायटीच्या मीटिंगबद्दल काहीतरी असेल. छे! त्याचा अर्थ असा, की रोज संध्याकाळी मी जर्मन पेपरमधली एक बातमी ओट्यावर बसून नानांना मराठीत सांगायची. जपानमध्ये राहणारा मिश्रा, मूळचा पाटण्याचा, त्यानं जपानी पेपरमधली बातमी हिंदीत सांगायची. मग नाना जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं दोन्ही देशांचं मत लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं दूध न्यायला येणाऱ्या बायका ते वाचणार.

मी एकदा म्हटलं, “नाना, फोनवर सगळं भाषांतर होतं हो आता. आम्हाला कशाला राबवता?”

“फोन सांगतोय त्ये खरं असंल,” नाना म्हणाले, “पन सांगताना त्याचं तोंड दिसत न्हाई. तुमी थाप मारली तर मला लगीच कळती.”

खरंच कळायची. एकदा घाईत मी कालचीच बातमी फिरवून सांगितली तर म्हणाले, “ताई, जर्मनीचं पोट बिट बिघडलंय का? कालचंच बोलतीया.”

गेल्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशात एक म्हातारा पुढारी खुर्चीवरून खाली उतरला. तीस-बत्तीस वर्षं एकच माणूस. नाना त्या देशाचं नाव कधी घेत नसत, नुसतं ‘तो देश’ म्हणत, म्हणून मीही घेत नाही. पण त्या बातमीनं नाना असे पेटले की विचारू नका. रोज एक बातमी होती ती तीनवर गेली. मी ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आत प्रश्न, “त्या देशाचं बाहेरच्यांनी काय म्हनलंय?”

मी वाचायची. “जर्मन पेपरचं म्हणणं आहे की तिथं सत्तेची पोकळी निर्माण झाली आहे.”

“पोकळी म्हंजी? खुर्ची रिकामी हाय व्हय?”

“नाही. नवा माणूस बसलाय.”

“मग पोकळी कुटं हाय?”

मी पुन्हा अख्खा अग्रलेख वाचला. पोकळी कुठं आहे ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

मिश्राचं काम सोपं होतं. जपानी पेपर रोज म्हणायचा की सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे. मिश्रा रोज तेच सांगायचा, “नानाजी, जापान नज़र रखे हुए है.” फळ्यावर आठ दिवस ‘जपान: नजर ठेवून’ असंच लिहिलेलं होतं. नवव्या दिवशी नाना वैतागले. “आरं, डोळं दुकलं असत्याल त्याचं. झाकाय सांग जरा.”

महिनाभरात नानांनी परदेशी पेपरवाल्यांचा निकाल लावला. “ह्यांना तीनच गोष्टी कळत्यात. नवा कोन आला, त्यो टिकंल का, आनि आमच्या कंपन्यांचं काय. लोकांचं ईचारत न्हाईत, का पावसापान्याचं ईचारत न्हाईत.” एवढं बोलून ते थांबायचे आणि मग रोज न चुकता विचारायचे, “आनि विरोधकाचं काय लिवलंय?”

“कुठल्या विरोधकाचं?”

“त्या म्हाताऱ्याच्या. तीस वरसं कुनीतरी अंगावर गेलंच असंल की त्याच्या. त्यो काय म्हनतोय आता?”

मी पेपर पालथे घातले. शेवटी एका भल्यामोठ्या लेखाच्या तळाशी एक ओळ सापडली. ‘विरोधी नेत्याशी संपर्क होऊ शकला नाही.’ नानांना ती सांगितली आणि मला वाटलं, झालं, सुटले. नानांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला.

“संपर्क झाला न्हाई म्हंजी? घरी न्हवता? का पत्रकार गेलाच न्हाई?”

“ते लिहिलेलं नाही हो.”

“आवो, एवढी वरसं त्या गड्यानं घसा फोडला. आनि म्हातारा उतरल्याव त्याला कुनी फोन बी करंना?”

त्या दिवशी फळ्यावर जर्मनी नव्हती, जपान नव्हता. ‘विरोधक: पत्ता नाही’ एवढंच होतं. नानांनी ही गोष्ट इतकी मनाला का लावून घेतली ते मला समजेना. मी काकूंना विचारलं. काकू मेथी निवडत होत्या.

“तुमचं नाना इरोधी पक्ष हायेत न्हवं का,” काकू म्हणाल्या.

“कुठल्या पक्षाचे?”

“कुटल्या न्हाई. नुसतं इरोधी.”

मग मला गावचा इतिहास कळला. गावात आबा नावाचे सरपंच होते. पंचवीस वर्षं तेच. बाईची राखीव जागा आली तेव्हा त्यांची बायको, म्हणजे वहिनी, सरपंच झाल्या, पण खुर्चीवर आबाच बसायचे आणि वहिनी घरी सह्या करायच्या. ह्या आबांच्या विरोधात नाना पाच निवडणुका लढले आणि पाचही हरले. शेवटच्या वेळी तर नानांच्या पॅनेलला माणसंच मिळेनात, तेव्हा काकूंना उभं केलं होतं. काकूंना नानांपेक्षा जास्त मतं पडली, हा विषय घरात काढायचा नाही.

निवडणूक हरले तरी ग्रामसभा नानांचीच. आबांनी ठराव मांडला रे मांडला की नाना उभे, “माजी हरकत हाय. लिवून घ्या.” दिव्याच्या खांबाला हरकत, गटाराला हरकत, शाळेच्या रंगाला हरकत. एकदा तर नानांनीच सुचवलेला बसथांबा आबांनी मंजूर केला, त्यालाही हरकत. ग्रामसेवक इतका तयार झाला होता की सभेच्या आधीच प्रोसिडिंगच्या पानावर ‘नानांची हरकत’ असं लिहून खाली जागा सोडायचा. आणि आबाही काही कमी नव्हते. ते एकेका हरकतीला अर्धा अर्धा तास उत्तर द्यायचे, आवाज चढवायचे, टेबलावर हात आपटायचे. लोक शेंगा घेऊन ऐकायला बसत. बाहेरचं मत हे हत्यार नानांनी तिथंच शोधून काढलं होतं. “जर्मनीत असलं गटार चालत न्हाई!” असं म्हटलं की आबा चिडून लाल व्हायचे, कारण जर्मनीत कसलं गटार चालतं हे त्यांना कुणी सांगणारं नव्हतं.

काकूंकडून हे ऐकलं त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात निवडणूक झाली आणि दोघांनाही बाजूला सारून पोरं निवडून आली. नवी सरपंच तिशीतली, आधी कंपनीत एचआरमध्ये होती. पहिल्याच सभेत नानांनी दणक्यात हरकत घेतली. ती उठून उभी राहिली, हसली आणि म्हणाली, “थँक्यू नाना, व्हॅलिड पॉइंट आहे. नोट केलं.”

नाना घरी आले ते गोंधळलेले. “ताई, व्हॅलिड म्हंजी काय वो?”

“रास्त. बरोबर आहे तुमचं.”

“बरोबर म्हनली? लगीच?” नाना खुर्चीत बसले. “भांडली बी न्हाई?”

आणि त्यानंतर महिन्याच्या आत आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी प्रयत्न केला पाहिजे. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणायची, “आजोबा, आ म्हणा, आ.” पंचवीस वर्षं ज्यानं हातातला माईक सोडला नाही तो माणूस ‘आ’ म्हणायला तयार होईना. तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ती मुलगी म्हणाली, असंच चाललं तर काही महिन्यांनी वाचा परत यायची आशाच उरणार नाही.

हे सगळं आमच्या घरी रोज कळायचं, कारण आबांच्या घरी दूध नानांच्याच गोठ्यातून जायचं. पंचवीस वर्षांच्या वैरात दोघांनी एकमेकांची पायरी चढली नव्हती, पण दूध एक दिवस चुकलं नव्हतं. काकू सकाळी किटली घेऊन जायच्या. परत आल्या की नाना दुसरीकडेच बघत विचारायचे, “दूध घेतलं का?”

“घेतलं.”

“कुनी घेतलं?”

“सूनबाईनं.”

“कोन आलं हुतं का बसाय?”

“न्हाई. खुर्च्या बी आत ठिवल्यात आता.”

मग नाना गोठ्याकडे वळायचे. तीन महिने हे असं चाललं. फळा तसाच राहिला. त्या देशात निवडणूक जाहीर झाली, मी हौसेनं सांगायला गेले तर म्हणाले, “व्हईल. व्हईल.” मिश्रा मला म्हणाला, “दीदी, नानाजी बीमार हैं क्या? महीने भर से जापान का नाम नहीं लिया.” मला खरंच काळजी वाटायला लागली होती. रोज डोक्याला ताप देणारा माणूस ताप द्यायचा थांबला की घर भकास वाटतं.

एका शनिवारी संध्याकाळी नाना माझ्या दारात उभे राहिले. बरोबर मिश्राला धरून आणलेलं.

“आपल्या गावात बी सत्ता बदलली,” नाना म्हणाले. “त्यावर बाहेरच्यांचं काय म्हननं हाय?”

“नाना, बाहेरच्या जगाला आपलं गाव कुठं माहीत आहे?”

“तुमाला म्हाईत हाय न्हवं? तुमी साताऱ्याच्या, ह्यो पाटण्याचा. आमाला दोनी बाहेरचंच. तुमी तुमचं मत लिवा. तेच परदेशी पेपर.”

“आणि ते करायचं काय?”

नाना दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडायला लागले. “आबाला वाचून दावायचं.”

मी म्हटलं, “अहो, तुम्ही सरळ जा की भेटायला. तब्येत विचारा. त्यात काय एवढं?”

“कसा जाऊ? हात हलवीत गेलो तर म्हनंल, पडलेला बगायला आला. जायाला काय तरी काम पायजे ना, ताई. मी इरोधक हाय त्याचा.”

मी बसले लिहायला. चांगलं दोन पानं लिहिलं. आबांनी गावाला शिस्त लावली, शाळेला वर्ग बांधले, गोरगरिबांच्या हाकेला धावून गेले. लिहिता लिहिता माझेच डोळे पाणावले. नानांना वाचून दाखवलं. नाना भडकलेच.

“हे तेराव्याला वाचत्यात, ताई! त्यो जिता हाय!”

“मग काय शिव्या लिहू?”

“खरं लिवा, पन झोंबंल असं. त्याला राग आला तर त्यो बोलंल. रागाबिगर त्यो कदी बोललाच न्हाई.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टरला जमलं नाही, त्या मुलीला जमलं नाही, ते हा माणूस गटारावरून भांडून करायला निघाला होता. मी तो कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसले. पण शिव्या द्यायला माहिती लागते, आणि मला गावातलं काय कळतं? मी काकूंकडे गेले. काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक लिहून घेतलं. एकाच माणसाला विचारून बातमी करायची नसते, एवढीही अक्कल मला त्या वेळी नव्हती. मोठमोठे पेपरवाले परक्या देशात उतरून टॅक्सीवाल्याला विचारून लिहितात असं ऐकलंय, मग माझ्यासारखीचं काय!

रविवारी सकाळी आठला आम्ही निघालो. नानांनी परीटघडीचे कपडे घातले होते, टोपीला नीळ जरा जास्तच झाली होती. आबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात लोखंडी पलंग होता, त्यावर आबा आमच्याकडे पाठ करून पडले होते. एवढा मोठा म्हणून ज्याचं नाव ऐकलं तो माणूस पांघरुणात इतकासा दिसत होता. सूनबाई बाहेर आल्या आणि नानांना बघून दारातच थबकल्या.

नाना अंगणातच उभे राहिले. “परदेशातनं पत्रकार आल्यात,” त्यांनी मोठ्यांदा सांगितलं. “त्यांना वर येऊ द्या. मी हितंच बरा हाय.”

सूनबाईंनी आमच्याकडे पाहिलं. पत्रकार म्हणजे मी, आणि बर्म्युडा घातलेला मिश्रा. त्या बिचाऱ्यांनी दोन खुर्च्या आणून ठेवल्या.

मिश्रानं घसा साफ केला. “जापान परिस्थिति पर नज़र रखे हुए है,” त्यानं सुरुवात केली. सवयच लागली होती त्याला. “बरसात में नाली का पानी सड़क पर आता है, और सड़क का पानी कमरे में. पूर्व सरपंच जी ने इस पर ध्यान नहीं दिया. जापान को खेद है.”

आबांची पाठ हलली नाही.

मग मी. “जर्मनीच्या मते पंचवीस वर्षांच्या कारभारात गावाला रस्ता मिळाला. तो तीनदा मिळाला, कारण दोनदा वाहून गेला.” सूनबाईंनी तोंडावर हात धरला. “स्मशानात शेड झाली, पण उद्घाटनाचा फलक शेडपेक्षा मोठा आहे. ऊन लागलं की लोक फलकाच्या सावलीत उभे राहतात.”

पाठ तशीच. मी वळून नानांकडे पाहिलं. उन्हात उभे होते, दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले. मी पुढे वाचत राहिले. “सगळ्यात मोठं काम म्हणजे नळाचं पाणी. ते मात्र विरोधी नेते बाळूनाना यांनी आणलं. सरपंचांनी फक्त सही केली.”

“आँ?” अंगणातून नाना ओरडले. “हे कुनी लिवलं?”

पलंग करकरला. आबांची मान हळूहळू वळली. एका बाजूला ओढलेला चेहरा, पण डोळे असे की मी खुर्ची मागं सरकवली. डावा हात त्यांनी पलंगाच्या लोखंडावर आपटला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“मी,” आबा म्हणाले.

सूनबाईंनी तोंडावरचा हात काढला.

“मी… आन… लं.”

“बोलले! बाबा बोलले!” सूनबाई रडत आत धावणार तोच नानांनी दरडावलं, “गप ऱ्हावा! मधी बोलू नगा!” आणि माझ्या लक्षात आलं की नाना पायऱ्या चढून वर आलेत. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. पलंगाशी उभे राहून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, ते आबांवर ओरडत होते. “तू आनलंस? लाज वाटती का बोलायला? जिल्हा परिषदंला कोन गेलं हुतं?”

“मी.”

“एकदा गेलास!”

आबांनी डोळे वटारले. “नऊ… दा.”

“नऊदा! आनि कशापायी गेलास? सांग की. आपलं आपन सुचलं तुला?”

आबा गप्प झाले. मला वाटलं, संपलं, पुन्हा भिंतीकडे वळणार. पण ते नानांकडेच बघत राहिले. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलत होते.

“तू…” ते म्हणाले. “बायका… हंडं… घिऊन… तीन दिस… दारात… बसला… व्हतास.”

तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पुसली. पुसतानाही भांडतच होते. “मंग हे पंचवीस वरसात एकदा बी सभेत का म्हनला न्हाईस?”

आबांचं अर्धं तोंड हसलं. “तू… तरी?”

नाना उत्तर देणार होते. तोंड उघडलंही होतं त्यांनी. मग मान खाली घातली आणि पलंगाच्या कडेला बसले. “न्हाई म्हनलो,” ते म्हणाले. “मी बी न्हाई म्हनलो.”

तोवर आबांचा मुलगा आला, शेजारचे आले, सगळ्यांची एकच रडारड झाली. सूनबाईंनी आम्हा परदेशी पत्रकारांना शिरा करून घातला. आम्ही निघालो तेव्हा आबा दमून गेले होते, डोळे मिटलेले होते. तरी डावा हात उचलून त्यांनी नानांच्या दिशेनं हलवला. “उद्या… ये,” म्हणाले.

येताना मिश्रा पुढे गेला. नाना माझ्याबरोबर चालत होते. मला अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, “नाना, माझी बातमी चुकली हो. दोघांनी मिळून पाणी आणलं असं लिहायला हवं होतं. काकूंचं ऐकून मी…”

नाना रस्त्यातच थांबले. उपरण्यानं तोंड पुसलं, ते उपरणं आधीच ओलं होतं.

“पंचवीस वरसं आज आबाला काय बोलायचं, ह्याचा इचार करतच मी उठायचो, ताई,” ते म्हणाले. “त्यो झटका यिऊन पडला त्या दिशी कुनीतरी मला पेढा दिला. म्हनलं, नाना, जिकलात. मी त्यो म्हशीफुडं टाकला. त्यो गप झाला तवापासनं मला सकाळच नगंशी झाली हुती वो.”